शाळेत मावशी, घरी आई

सरोजा नरवाडे शाळेत आया म्हणून लागली ती २००१ सालच्या जूनमध्ये. शाळा मीरा रोडला, शांती नगरच्या मागच्या अंगाला. इंग्रजी माध्यमाची, चार मजली, खाली फरशी घातलेलं एवढंसं पटांगण. तिला दोन निळ्या साड्या मिळाल्या आणि पहिल्याच सकाळी कामं सांगून झाली. केजीच्या पोरांना बाथरूमला न्यायचं, नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, कुणी ओकलं तर पुसायचं, शाळा सुटली की वर्ग झाडायचे. पोरं तिला मावशी म्हणणार आणि तिनं मुलींना बेबी, मुलांना बाबा म्हणायचं, हा तिथला रिवाज.

सरोजा मूळची हिंगोलीकडची. गावात शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून तीही सातवीपर्यंत शिकली. लग्न होऊन भाईंदरला आली तेव्हा नवरा, उत्तम, पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. गरगर फिरणाऱ्या चाकावर ताटं-वाट्या धरायच्या, त्यांना चकाकी येईपर्यंत. चाकावरून उडणारी काळी पूड अंगावर बसायची, ती अंघोळ करूनही सगळी जायची नाही. राहायला नवघरच्या बाजूला चाळीत एक खोली होती. १९९४ साली साक्षी झाली आणि दोघांनी ठरवलं, आता पुरे. गावाकडून निरोप यायचे, एक मुलगा तरी होऊ द्या. उत्तमची आई तर वर्षभर सुनेशी बोलली नाही. सरोजा बधली नाही.

"एकच आहे, पण ती माझ्यासारखी राहणार नाही," असं ती म्हणायची. मग कशी राहणार, असं कुणी विचारलं असतं तर तेव्हा तिला सांगता आलं नसतं.

ते तिला शाळेत काम करता करता कळत गेलं. साक्षी तेव्हा पालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत होती. शाळा वाईट नव्हती. बाई जीव तोडून शिकवायच्या, पाढे पाठ करून घ्यायच्या. पण एकदा सरोजा प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनची काच पुसत होती आणि पहिलीतल्या कुणा मुलाचे वडील अर्ध्या मार्कासाठी भांडायला आले. त्यांना बसायला खुर्ची दिली, शिपायानं पाणी आणलं, टीचर पेपर घेऊन आल्या. वीस मिनिटं वाद चालला आणि शेवटी तो अर्धा मार्क मिळाला. सरोजा काच पुसायची थांबलीच होती. साक्षीच्या शाळेत ती आजवर तीनदा गेली होती, आणि तिन्ही वेळा दारात उभी राहून बोलून आली होती. कुणी बसू नका म्हटलं नव्हतं. कुणी बसा असंही म्हटलं नव्हतं, आणि तिच्याही मनात कधी आलं नव्हतं. आपली पोर शिकतेय ही कुणाची तरी मेहेरबानी आहे, असं धरून ती उभी राहायची.

"तिथले आईबाप शाळेत येतात ना," ती घरी आल्यावर उत्तमला म्हणाली, "ते दुकानात आल्यासारखे येतात. हे द्या, ते द्या, हे असं का. आणि मिळतं त्यांना."

"पैसे भरतात ते," उत्तम म्हणाला.

"पैशाचं नाही हो. त्या पोरांना पण तीच सवय लागते. चार वर्षांचं पोरगं मला विचारतं, मावशी, हे असं का? आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही."

दोन वर्षं होत आली. वरच्या वर्गांना मराठी शिकवणाऱ्या मृणालिनी टीचर होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, गिरगावातली जागा लहान पडायला लागली म्हणून मीरा रोडला फ्लॅट घेऊन आलेल्या. त्या सरोजाशी मराठीत बोलायच्या, एरवी शाळेत सगळा कारभार हिंदी-इंग्रजीतच. एक दिवस त्यांनी तिला पायऱ्यांवर थांबवलं.

"सरोजा, तुझी मुलगी कितवीत आहे?"

"चौथीत, टीचर. पालिकेच्या शाळेत."

"इथे स्टाफच्या मुलांना फी माफ आहे. तुला माहीत आहे ना?"

"ते टीचर लोकांसाठी."

"नियमात 'स्टाफ' लिहिलंय. टीचर असं लिहिलेलं नाही. मी फॉर्म भरून देते, तू फक्त सही कर."

फॉर्म प्रिन्सिपल मॅडमकडे गेला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या शाळेत असं आधी कधी झालं नव्हतं. "सरोजा, इंग्लिश का क्या करेगी वो? रोयेगी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी साक्षीची परीक्षा घेतली. गणितात ती पक्की निघाली. इंग्रजीत तिला एबीसीडी आणि स्वतःचं नाव एवढंच येत होतं. चौथी पास झाली तरी पुन्हा तिसरीत बसावं लागेल, या अटीवर प्रवेश मिळाला.

घरी उत्तमला हे पसंत पडलं नाही. तो दर रविवारी वंदनेला विहारात जायचा, तिथल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचं बघायचा. एकट्यापुरतं बघायची त्याला सवयच नव्हती.

"आपल्या पोरीला उचलून तिकडं ठेवलं म्हणजे काय बदललं?" तो म्हणाला. "चाळीतली बाकीची पोरं आहेत तिथंच. आणि आपण आहोत तिथंच."

"बाकीच्यांना आया आहेत. मी हिची आई आहे."

"वर्ष वाया जातंय तिचं."

"माझी सातवीच्या पुढची आख्खी शाळाच गेली. तिचं एक वर्ष जाऊ दे."

साक्षी वर्ष मागे जाणार म्हणून दोन दिवस रडली. मग नवा युनिफॉर्म आला, टाय आला, आणि रडणं थांबलं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी सरोजाला बोलावून सांगितलं, की ड्यूटीच्या वेळात साक्षी तुझ्यासाठी इतर मुलांसारखीच. आई-मुलगी असलं काही शाळेत नको. बाकीचे पालक बोलतात. सरोजाला ते बरोबरच वाटलं. हातात आलेलं जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं साक्षीला समोर बसवलं.

"शाळेत मला आई म्हणायचं नाही. सगळे म्हणतात तसं मावशी म्हणायचं."

"आणि तू मला काय म्हणशील?"

"बेबी."

साक्षीला हसू फुटलं. नऊ वर्षांच्या पोरीला तो खेळच वाटला. पहिले पंधरा दिवस ती येता-जाता मुद्दाम "गुड मॉर्निंग, मावशी" म्हणायची आणि तोंड दाबून हसायची.

इंग्रजी मात्र खेळ नव्हतं. वर्गात टीचर काय म्हणतात ते कळायचं नाही. बाकीची मुलं हसली की ही पण हसायची. सरोजाला मदत करता येत नव्हती आणि शिकवणी लावायची ऐपत नव्हती. वाट साक्षीनं स्वतःच काढली. शाळा सुटल्यावर सरोजा वर्ग झाडायची, तेवढा तासभर तिला आईसाठी थांबावं लागे. केजीच्या वर्गात चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं होती, एका पानावर एक ओळ. ती त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसायची आणि वाचायची. अडलं की वरच्या मजल्यावर वह्या तपासत बसलेल्या मृणालिनी टीचरकडे पळायची. दिवाळीपर्यंत केजीचं कपाट संपलं. मग पहिलीचं, मग दुसरीचं. वर्षाच्या शेवटी ती वर्गात अकराव्या नंबरानं आली. चौथीत सहाव्या.

सरोजा खूश होती. भाईंदरहून दोघी शेअर रिक्षानं गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत यायच्या आणि तिथून चालत. पाचवीत गेल्यावर साक्षी शांती नगरची कमान आली की थोडी पुढे चालायला लागली. सरोजानं ते पाहिलं. तिला वाटलं, पोर मोठी होतेय, पाय लांब झालेत.

साक्षीला रुचिता नावाची मैत्रीण मिळाली होती. गुजराती घरातली, वडिलांचं मीरा रोडलाच हार्डवेअरचं दुकान. दोघी एका बाकावर बसायच्या. रुचितानं घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा साक्षीनं सांगितलं, पप्पा फॅक्टरीत सुपरवायझर आहेत आणि मम्मी ऑफिसमध्ये जाते. एकदा सांगितल्यावर ते निभावणं आलं. रुचिताच्या वाढदिवसाला ती जायची, रुचिताला आपल्या घरी बोलवायची नाही. कारणं देत राहायची. शाळेत सरोजाला "मावशी" म्हणणं आता खेळ राहिला नव्हता. ते तिच्या सोयीचं झालं होतं.

सातवीत, २००७ सालच्या पावसाळ्यात, एका दुपारी तिच्या वर्गात एका मुलीला उलटी झाली. शिपाई सरोजाला बोलवायला आला. ती बादली आणि फडकं घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. मुलं नाक दाबून बसली होती, दोघं-तिघं हसत होते. रुचिता म्हणाली, "मावशी, इधर भी आया है, जल्दी करो ना." रुचितानं काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं. सगळेच तसं बोलायचे.

सरोजा पुसत पुसत त्या बाकापर्यंत आली. साक्षी पुस्तकात बघत होती.

"बेबी, पाय वर घे," सरोजा म्हणाली.

साक्षीनं पाय वर घेतले. नजर पुस्तकावरून हलली नाही. सरोजानं खालची फरशी पुसली, फडकं पिळलं आणि पुढच्या बाकाकडे गेली. साक्षीनं पाय खाली ठेवले.

एवढंच झालं. पण त्या संध्याकाळी साक्षी जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. सरोजानंही विचारलं नाही. रागावण्यासारखं काही नव्हतंच, नियम तिनंच घालून दिला होता. तिला सलत होतं ते वेगळंच. बाकीच्या मुलांनी पाय उचलले होते तितक्याच सहज आपल्या पोरीनंही उचलले. म्हणजे चार वर्षं धडपड करून आपण काय केलं? एकीला फरशीवरून उठवून बाकावर बसवलं. फरशी तशीच राहिली, पुसणारीही तीच राहिली. आणि बाकावर बसलेलीला खाली बघायची गरज वाटेनाशी झाली.

रविवारी साक्षी शेजारी गेलेली असताना तिनं उत्तमला सगळं सांगितलं. तिला वाटलं, आता हा म्हणणार, मी आधीच सांगत होतो. उत्तम तसं काही म्हणाला नाही.

"खाली घाण होती, ती पाय नाही उचलणार तर काय करणार?" तो म्हणाला. "तेरा वर्षांची पोर ती. शाळेत मी तुझी आई नाही, हे तिला कुणी शिकवलं?"

"मॅडमनी सांगितलं होतं."

"मॅडमनी तुला सांगितलं. पोरीला तू सांगितलंस. आणि मी ऐकून गप्प बसलो. चार वर्षं झाली. आपण दोघं एकदा तरी गेलोय का तिथं, तिचे आईबाप म्हणून?"

गेले नव्हते. ओपन डेला सगळे पालक यायचे, पेपर बघायचे, टीचरशी बोलायचे. सरोजा त्या दिवशी व्हरांड्यात पाण्याचे ग्लास फिरवायची. साक्षीचं प्रगतिपुस्तक मृणालिनी टीचर तिला पायऱ्यांखाली गाठून देत आणि तिथंच सही घेत. ओपन डे शनिवारी असायचा आणि उत्तमला शनिवारी सुट्टी नसे.

सप्टेंबरातल्या ओपन डेला उत्तमनं अर्धी रजा टाकली. कारखान्यातून घरी येऊन दोनदा साबण लावून अंघोळ केली. तरी नखांत काळं राहिलंच आणि डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखं दिसत होतं. लग्नाकार्याला घालायचा शर्ट घालून तो शाळेत गेला आणि सातवीच्या वर्गाबाहेर रांगेत उभा राहिला. साक्षी त्याच्याजवळ होती. ती सारखी मागे बघत होती, कारण रांगेत त्यांच्या मागेच रुचिता आणि तिचे आईवडील उभे होते.

नंबर आला. वर्गशिक्षिका त्या वर्षीच आलेल्या, तरुण होत्या. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. उत्तम एका खुर्चीवर बसला.

"मम्मी नहीं आयी?" टीचरनी विचारलं.

"आयी है. बाहर है. बुलाता हूं," म्हणून उत्तम उठला.

व्हरांड्यात सरोजा ट्रे घेऊन उभी होती.

"चल आत," तो म्हणाला.

"अहो, ड्यूटीवर आहे मी. मॅडम ओरडतील."

"ओरडू दे. दहा मिनिटं लागतील."

"साक्षीला आवडायचं नाही."

"तिला नाही आवडलं तर नाही आवडलं. तू चल."

सरोजा आत आली ती ट्रे घेऊनच. ठेवायला जागा दिसेना, म्हणून तो मांडीवर धरून खुर्चीच्या कडेवर बसली. टीचरनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साक्षीकडे.

"सरोजामावशी? आप...?"

"ये साक्षी की आई," उत्तम म्हणाला.

साक्षी टेबलाच्या कडेला उभी होती. तिचे कान लाल झाले होते. दारात उभी असलेली रुचिता तिला दिसत होती आणि रुचितालाही सगळं दिसत होतं.

टीचरनी स्वतःला सावरून घेतलं आणि पेपर काढले. गणितात चांगले मार्क होते, विज्ञानात बरे, अक्षर स्वच्छ. तक्रार काही नव्हती. उत्तमनं मात्र एक प्रश्न ठरवून आणला होता.

"टीचर, इसने कभी हाथ ऊपर किया क्या क्लास में? घर में तो बहुत बोलती है. कुछ नहीं समझा तो पूछती है क्या?"

टीचरनी आठवून पाहिलं. "नहीं," त्या म्हणाल्या. "सही है. पूछती नहीं है."

"तो उसको पूछने को बोलो. हम भी बोलेंगे."

टीचरनी ते वहीत लिहून घेतलं. सरोजानं ते लिहिणं पाहिलं आणि ती कडेवरून सरकून खुर्चीत नीट बसली.

सोमवारी प्रिन्सिपल मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ड्यूटी सोडून वर्गात बसल्याबद्दल त्या बोलल्या. सरोजानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मृणालिनी टीचर का लडका इधर नौवीं में है. वो ओपन डे को उसके क्लास में जाती है. उनको आप कुछ नहीं बोलते."

आपण हे बोललो कसं, याचं तिलाच नवल वाटलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळेला आधी सांगून जा, पाण्याला दुसऱ्या बाईला उभं करू. नियम बदलला असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्यानंतर तो कुणी आठवूनही दिला नाही.

साक्षीचे ते दिवस वाईट गेले. रुचिता आठवडाभर दुसऱ्या बाकावर बसली. साक्षीला वाटलं, आयाची मुलगी म्हणून. पण एका मधल्या सुट्टीत रुचिताच येऊन समोर उभी राहिली.

"तूने झूठ क्यूं बोला? मैं तेरी मम्मी को जल्दी करो, जल्दी करो बोलती थी. तूने बोलने दिया मुझे."

रुचिता पुढे बाकावर परत आली, पण दोघींचं आधीसारखं जमायला वर्ष लागलं. वर्गातल्या दोन मुलांनी साक्षीला "मावशी" म्हणून चिडवायला सुरुवात केली, तेही काही महिने चाललं. घरी ती आईवर चिडायची, बापावर जास्त. "तुम्हाला यायची काय गरज होती?" असं तिनं उत्तमला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी पण येणार आहे." आणि आलाही. दर ओपन डेला आला.

आठवीत एके दिवशी तिसऱ्या तासाला साक्षी खाली आयांच्या खोलीत आली. मुलींना लागतील म्हणून पॅड सरोजाच्या कपाटात ठेवलेले असत. खोलीत आणखी दोघी मुली थांबल्या होत्या. साक्षी दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला, दप्तर पाठीमागून खाली ओढून धरलेलं.

"आई," ती म्हणाली.

सरोजानं मान वर केली. मग आधी त्या दोघींना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि लेकीला जवळ घेतलं. शाळेच्या आवारात पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं साक्षीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसानंतर बेबी आणि मावशी दोन्ही बंद झालं. कुणी ठरवलं नाही, आपोआपच झालं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी सरोजा स्टाफरूममध्ये चहा घेऊन गेली तेव्हा टीचर लोकांत जोराची चर्चा चालली होती. नवा कायदा आलाय, खासगी शाळांना शंभरातल्या पंचवीस जागा गरिबांच्या मुलांसाठी ठेवाव्या लागणार, पहिलीपासून, फी न घेता.

"सगळा दर्जा खाली येणार बघा," एक टीचर म्हणाल्या. "ती मुलं घरून काय घेऊन येणार?"

"आमच्या सरोजाची साक्षी नववीत दुसऱ्या नंबरावर आहे," मृणालिनी टीचर वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाल्या. "ती घरून काय घेऊन आली होती, विचारा तिला."

कुणी विचारलं नाही. सरोजानं कप गोळा केले. दुपारी तिनं मृणालिनी टीचरकडून त्या इंग्रजी बातमीचं कात्रण मागून घेतलं. घरी साक्षीनं ते वाचून मराठीत समजावलं. उत्तमनं दोनदा ऐकलं. मग म्हणाला, "रविवारी विहारात सांगू या. सांगायचं तू."

"मी? तुम्ही बोलता की तिथं नेहमी."

"मी कायदा सांगेन. शाळा तुला माहीत आहे."

रविवारी वंदना झाल्यावर उत्तमनं कात्रणातला कायदा समजावून सांगितला आणि सरोजाला उभं केलं. तीसेक माणसं होती, जास्त बायकाच. समोर चंपा दिसली. त्यांच्याच चाळीतली, शांती नगरच्या बिल्डिंगांमध्ये पोळ्या लाटायला जाणारी, चार वर्षांची मुलगी कडेवर घेऊन बसलेली. सरोजा तिच्याकडे बघून बोलायला लागली.

"जागा मिळेल तेव्हा मिळेल, कधी ते मला माहीत नाही. पण मिळाली तर काय होतं ते सांगते. पोर शिकेल. इंग्रजीला घाबरू नका, ते येतं. पण पोर तुमच्यापासून जरा लांब जाईल. तिला तुमची लाज वाटेल. वाटू द्या, रागावू नका. आणि तुम्ही मात्र मागे राहू नका. शाळेत बोलावलं की जायचं. कामावरून तसेच उठून जावं लागलं तरी जायचं. खुर्ची असेल तर बसायचं. आणि काहीतरी विचारायचं, काहीही, पण विचारायचं. मी चार वर्षं गेले नाही. ती चूक तुम्ही करू नका."

चंपानं विचारलं, "आणि त्या लोकांनी बाहेर काढलं तर?"

"बाहेर नाही काढत," सरोजा म्हणाली. "आपणच दारात थांबतो."

पुढच्या आठवड्यात सातजणी शाळेच्या ऑफिसात गेल्या. सरोजा त्यांच्याबरोबर आत शिरली तेव्हा क्लार्क तिच्याकडे बघतच राहिला. आम्हाला वरून अजून काही आलेलं नाही, असं त्यानं सांगितलं. ते खरंही होतं. सरोजानं सातही मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहिलेला कागद त्याच्याकडे दिला. कागद साक्षीनं लिहिला होता, वर अर्जासारखा मायना घालून. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का पाहिजे, असं साक्षीनं आईला बजावून ठेवलं होतं, म्हणून सरोजा शिक्का मिळेपर्यंत तिथून हलली नाही. क्लार्कनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, दे.

त्या वर्षी कुणालाच जागा मिळाली नाही. चार बायकांनी पोरं पालिकेच्या शाळेत घातली आणि विषय सोडून दिला. त्यातल्या एकीनं सरोजाला ऐकवलंही, की तुझं काम झालं, आमचा नुसता हेलपाटा. सरोजाला ते लागलं. उत्तमला दम्याचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी पॉलिशचं काम सोडायला सांगितलं, तेव्हा त्याच कारखान्यात तो पॅकिंगला लागला. तिथं पगार कमी होता. नववीतली साक्षी संध्याकाळी विहारात बसून लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायला लागली. मृणालिनी टीचरनी शाळेची जुनी चित्रांची पुस्तकं खोक्यात भरून दिली होती. पहिल्या आठवड्यात पंधरा मुलं आली, नंतर सात-आठच टिकली. मुलांनी हात वर करून प्रश्न विचारल्याशिवाय ती पान उलटत नसे.

२०१० च्या एप्रिलपासून कायदा लागू झाल्याचं पेपरात आलं. जूनमध्ये सरोजा, चंपा आणि आणखी एक बाई पुन्हा ऑफिसात गेल्या. क्लार्क म्हणाला, परिपत्रक यायचंय, पुढच्या आठवड्यात बघू. या वेळी त्यानं तिघींना बसायला सांगितलं होतं. मुलीचं वय निघून जाईल का, हे चंपानंच विचारलं आणि त्यानं रजिस्टर काढून नीट उत्तर दिलं.

फाटकाबाहेर आल्यावर पुढच्या आठवड्यात कधी यायचं याची बोलणी झाली. गुरुवारी चंपाला एका घरची सुट्टी असते, म्हणून गुरुवार ठरला.